धड्यातली गप्प बाई

एम.ए.ला असताना समीक्षेच्या पेपरासाठी 'निवेदकाचा दृष्टिकोन' हे प्रकरण मी अक्षरशः घोकलं होतं. नंतर बोईसरच्या शाळेत बारा वर्षं मराठी शिकवलं, पण ते प्रकरण कधी वर्गात नेलं नाही. लेखकाला काय म्हणायचंय ते मीच फळ्यावर लिहायची, मुलं उतरवून घ्यायची.

दातिवऱ्याजवळच्या कोळीवाड्यातल्या शाळेत बदली झाली त्या वर्षी पालघरला शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. तिथे एक निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या, "मुलांना अर्थ विचारू नका. हे कोण सांगतंय आणि कोण गप्प आहे, एवढंच विचारा." नववीतल्या पोरांना हे काय झेपणार, असं मला वाटलं. तरी पुढच्या आठवड्यात विचारून पाहिलं.

धडा समुद्रावरचा होता. होड्या परत येतायत आणि किनाऱ्यावर एक कोळीण डोळ्यांत प्राण आणून उभी आहे. 'प्रतीक्षा हे प्रेमाचे प्रतीक' हे माझं ठरलेलं उत्तर.

या वेळी ते फळ्यावर न लिहिता मी तो प्रश्न विचारला. मग तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. घरची बोली तोंडात येते म्हणून ती एरवी वर्गात बोलायचीच नाही.

"बाई, ती उबी कशाला रायल?"

"म्हणजे?"

"बोट दिसली का आमची आय पाटी घेऊन पान्यात उतरते. मावरा निवडायचा, बरफ लावायचा. उबं रायला येळ कुठं हाय?"

"मग लेखकाने तसं का लिहिलं?"

तिने पुस्तकात पाहिलं. "तो लांब बसला असंल. लांबून समदी मानसं उबीच दिसतात."

मी दोन वर्षं पुस्तकांत डोकं घालून जे समजून घेतलं होतं, ते हिने एका वाक्यात सांगितलं होतं. आणि हिला ते कुणीही शिकवलं नव्हतं.

"आन ती येक शबूद बोलत नाय," ती बसता बसता म्हणाली.

"बोलली तर धडा संपायचाच नाय!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. तीही हसली.

"मग लिहा, ती काय बोलली असती," मी म्हणाले.

तिने पानभर लिहिलं, घरच्या बोलीत. त्यातली बाई फाटक्या जाळ्यावरून नवऱ्याला झापते, बर्फवाल्याला हाका मारते, आणि मधेच नवऱ्यालाच विचारते, 'रातच्याला काय खाल्लं का?'

स्टाफरूममध्ये मी ते पान आमच्या ज्येष्ठ सरांपुढे ठेवलं. शुद्धलेखनाच्या बाबतीत ते फार कडक. खिशातून लाल पेन काढूनच त्यांनी वाचायला घेतलं. वाचून झालं तरी पेन पानाला लागलं नव्हतं.

"भाषा अशुद्ध आहे ना सर?" मीच विचारलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "नववीच्या दुसऱ्या तुकडीला उद्या हाच धडा घेतो मी," ते म्हणाले. "त्या मुलीला विचारा, हे पान वाचून दाखवायला येशील का."