अण्णांचे कान आणि मधला स्पीकर

लातूरच्या आमच्या दोन खोल्यांत होम थिएटर आहे, असं मी लोकांना अगदी सहज बोलता बोलता सांगत असे. भिंतीवर टीव्ही, खाली सिनेमे बघण्यासाठी मी स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर, त्याला जोडलेला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. नोकरी गणिताच्या शिक्षकाची. पण इंटरनेटवर दहा-पंधरा व्हिडिओ बघितले की ध्वनिशास्त्रही येतं. मला आलं होतं.

माझे वडील, अण्णा, एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते अहमदपूरला राहत. गुडघा दुखायला लागला म्हणून महिनाभर आमच्याकडे आले. वेळ जावा म्हणून मी त्यांना एक नवा सिनेमा लावून दिला आणि शेजारी बसलो, कौतुक ऐकायला.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "आवाज येईना."

तेव्हा संगीतानं खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

"अण्णा, केवढा मोठा आवाज आहे."

"बाजाचा हाय. माणसं नुसती तोंड हालवून राहिलीत."

मी आवाज वाढवला. बाजा वाढला. मग मी कॉम्प्युटर उघडून बसलो. साउंडचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, एचडीएमआयची वायर बदलली, सिनेमा दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिला. चित्र इतकं स्वच्छ होतं की नटाच्या गालावरचा तीळ दिसावा. यंत्रात दोष नव्हता. म्हणजे तो कुठे होता, हे उघडच होतं.

बायको म्हणाली, "मलाही त्याच्यावर बोलणं नीट ऐकू येत नाही."

"तुझं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं," मी समजावलं.

मला स्वतःला कधीच अडचण आली नव्हती. मी खाली इंग्रजी अक्षरं लावून सिनेमे बघतो, त्यामुळे बोलणं ऐकण्याची वेळच येत नाही. पण ही बाब तेव्हा मला महत्त्वाची वाटली नाही.

अण्णा म्हणाले, "केबलवरच्या बातम्या तर ऐकू येतात मला."

"बातम्यावाले ओरडतात, अण्णा."

वय झालं की माणसांच्या बोलण्याचा सूरच आधी कसा ऐकू येईनासा होतो, हे मी त्यांना कागदावर आलेख काढून दाखवलं. ते मान हलवत राहिले. त्यांना काहीच ऐकू गेलेलं नाही, अशी माझी खात्री झाली. दोन आठवडे मी त्यांच्याशी ओरडून बोललो. ते बिचारे तेवढ्याच हळू आवाजात उत्तरं देत.

शेवटी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून त्यांची तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. अण्णांनी दर वेळी एसटीची बेल मारावी तशा शिस्तीत बटण दाबलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबांचे कान छान आहेत. घरी नेमकं काय ऐकू येत नाही?"

"पिच्चर," अण्णा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होतो.

रिक्षात अण्णांनी आधी दुखरा गुडघा नीट लांब केला. मग म्हणाले, "आता तुझं मशीन दाखवायचं का कुणाला?"

घरी आल्यावर त्यांनी मला सिनेमा लावायला सांगितला. भिंतीचा आधार घेत ते प्रत्येक स्पीकरपाशी गेले आणि कान लावून उभे राहिले. "ह्याच्यात वाजंत्री. ह्याच्यातबी वाजंत्रीच. ह्यो खालचा नुसता घुमतो. बोलायचा डबा कोणता हाय?"

बोलायचा डबा माळ्यावर होता. सिनेमातले संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, हे मी शाळेतल्या तीन शिक्षकांना फळ्यावर काढून सांगितलं होतं. फक्त टीव्हीखाली जागा पुरेना म्हणून तो मी खोक्यातून काढलाच नव्हता. त्याच्या जागी शोभेची निळी लाईट लावली होती. ॲम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये मात्र तो जोडलेला आहे, असं मी स्वतःच्या हातानं भरलं होतं. त्यामुळे वर्षभर सिनेमांतले सगळे संवाद इमानदारीनं एका रिकाम्या भोकात जात होते; केबल टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर वाजायची, म्हणून बातम्या तेवढ्या वाचल्या.

मी शिडी लावली. खोकं उतरवलं, निळी लाईट काढली, वायर जोडली. पडद्यावरची बाई एकदम नवऱ्याला बोलायला लागली. स्वच्छ, खणखणीत.

अण्णा खाटेवर बसून ऐकत राहिले. "ही त्याची बायको हाय व्हय? मी बहीण समजून राहिलो. पहिल्यापासून लाव."

मी पहिल्यापासून लावला. माफी मागावी असं मनात आलं होतं. मी चहा घेता का, एवढंच विचारलं. तेही सवयीनं ओरडून.

"हळू बोल," ते म्हणाले.

दुपारी किनवटहून बहिणीचा फोन आला. मी वायरी आवरत होतो. अण्णा तिला सांगत होते, "हाव, दादानं कानाच्या डॉक्टरकडं नेलं होतं. मोठ्या. आता समदं ऐकू येऊन राहिलंय. लई केलं त्यानं." मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि टीव्हीकडे वळले.

तुझ्यासारखं कोण करतं रे आजकाल, असं बहीण म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातात लाटणं घेऊन उभी होती आणि मी काय बोलतो याची वाट बघत होती.

"अगं, कर्तव्यच आहे," मी म्हणालो.