जगन्नाथचे अख्खे वाटाणे

वाटाण्याबद्दल आपल्याला चार शब्द शिकवील असा माणूस देवाने अजून घडवलेला नाही, असं दुबईतल्या जबल अलीच्या कंपनी मेसमधल्या जगन्नाथ आचाऱ्याचं ठाम मत होतं. त्याच्या उसळीतला वाटाणा बोटाने दाबला तर लोण्यासारखा मऊ, पण पातेल्यात अख्खा. एखादा फुटलाच, तर हाताखालच्या माणसांच्या सात पिढ्यांचा उद्धार होई.

अठ्ठ्याण्णव साली कंपनीत नवे इंग्रज मॅनेजर आले. शुक्रवारी तळलेल्या माशाबरोबर त्यांना सुक्या हिरव्या वाटाण्याचा लगदा हवा होता, त्यांच्या भाषेत मशी पीज. जमला तर साहेबांच्या बंगल्यावर आचाऱ्याची नोकरी आणि वर फॅमिली व्हिसा. गुहागरला वर्षानुवर्षं वाट बघणारी बायको, छाया, इथे आली असती. जगन्नाथला दुसरं काही नकोच होतं. खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा त्याने ठरवून टाकला होता.

मलबारी दुकानदाराने मोठे, फिकट, सुरकुतलेले वाटाणे पुढे केले. "चाचा, गोरा लोग यही ले जाता है. सोडा डालके भिगाओ, पकाओ, खलास! एकदम हलवा!"

"हलवा तू खा," जगन्नाथ म्हणाला. "ऐसा वाटाणा हमारे गांव में बैल भी नहीं खाता."

आणि त्याने बारीक, गुळगुळीत, टणक वाटाणे घेतले, मुलीसाठी स्थळ बघावं तसे पारखून. लगदा मागणाऱ्याला बिचाऱ्याला जन्मात धड वाटाणा मिळालेला नसणार. आपण त्याची जीभ सुधारू, एवढं मोठं मन जगन्नाथकडे होतं.

शुक्रवारी, लगदा होऊ नये म्हणून जरा कमीच शिजवलेल्या त्या अख्ख्या वाटाण्यांत साहेबांनी काटा टोचला. वाटाणा टुणकन उडून मॅडमच्या मांडीवर गेला, दुसरा टेबलाखाली. साहेब सभ्य होते. "व्हेरी नाइस सॅलड," म्हणाले आणि मशी पीज कधी येणार म्हणून विचारलं. पुढच्याच आठवड्यात बंगल्यावर दुसरा आचारी रुजू झाला.

जगन्नाथने छायाला फोन लावला. त्याचा आवाज रडवेला झाला होता, पण ऐट काही सुटली नव्हती. "व्हिसाचं खलास. गाढवाला गुळाची चव काय? या लोकांना फुटका, गिचका वाटाणा लागतो!"

पलीकडून छायाने विचारलं,

"म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा मी केला होता आणि तुम्ही ताट भिरकावलं होतंत, तसाच ना हो?"