बापूंच्या भट्टीतलं तूप

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला मी चप्पल कुठल्या दुकानातून घेतली इथपासून सगळं सांगते त्या शाळेतल्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही. भित्र्या माणसाला एवढी सोय पुरते.

पण आधी माझं वेड सांगू द्या. मी साताऱ्यात राहते, शाळेत भूगोल शिकवते आणि दर रविवारी खायला बाहेर पडते. जेवायला नव्हे हं — बेकऱ्या आणि कॅफे! सकाळी सातला बेकरीच्या मागच्या दाराशी उभं राहून भट्टीतून नुकतीच निघालेली खारी कधी खाल्लीय तुम्ही? बोटं भाजतात, ओढणीवर पापुद्र्यांचा सडा पडतो आणि तरी हात दुसऱ्या खारीकडे जातोच. वाई, कराड, मिरज, सांगली — एसटीने, स्कूटीवर, कुणाच्या गाडीत मागे बसून — मी कुठेही जाते. विट्याला तर एक इतका भारी कॅफे सापडला! तिथली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. त्यातलाच एक परत आला आणि त्याने कॉफीचं दुकान टाकलं. कॉफीची पूड तो अजून सोन्याच्या काट्यावर तोलतो. मी तीन कप प्यायले आणि रात्रभर छताकडे बघत पडले, पण काय कॉफी होती सांगू!

हे सगळं मी फेसबुकवर लिहिते. ‘रविवारची खारी’ असं माझ्या पानाचं नाव आहे. बरीच माणसं वाचतात. भाजी घेताना बायका थांबवतात, "मॅडम, या रविवारी कुठं?" म्हणून विचारतात, आणि मला असं छान फुगल्यासारखं होतं. कुणी विचारतं, साताऱ्यातली एखादी बेकरी राहिली का हो तुमची? मी म्हणते, छे, एकही नाही.

एक राहिलीय. तिच्याबद्दल मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही.

पाटीवर काय नाव होतं आठवत नाही, आम्ही सगळे ‘बापूंची भट्टी’च म्हणायचो. बापू लष्करात स्वयंपाकी होते. निवृत्त होऊन आले आणि आमच्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांनी भट्टी लावली. पाव, टोस्ट, बटर तर करायचेच, पण त्यांचं खरं नाव होतं ते नानकटाई करून देण्यात. आमच्याकडे ही पद्धत अजून आहे, तुमच्याकडे असेल नसेल. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप — सगळं घरून न्यायचं, नंबर लावायचा, बेकरीवाला आपल्याच जिनसांची नानकटाई करून भाजून देतो. डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची. यात सगळा विश्वासाचा मामला. तूप तुमचं, हात त्याचा. एकदा का बाईला वाटलं की माझं तूप बाजूला काढून याने दुसरंच काही ढकललं, की मग तो बेकरीवाला संपला.

बापूंवर असला संशय कुणी कधी घेतला नव्हता. त्यांचा एकच नियम कडक होता. नंबर म्हणजे नंबर. पाच मिनिटं उशीर झाला की ते हसत म्हणायचे, "सूनबाई, पलटण थांबत न्हाई. मागं उभं ऱ्हावा." मला सूनबाई म्हणायचे, कारण माझ्या सासूबाईंना ते वैनी म्हणत. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

सात वर्षं झाली. मे महिना. माझी नणंद मुलांना घेऊन मुंबईहून यायची होती आणि आत्यांनी नानकटाईचा घाट घातला होता. त्यांचं माहेर माण तालुक्यात, दहिवडीकडे. पावसाची वाट बघण्यात तिथल्या पिढ्या गेल्या. त्यांच्या भावाने वैरण विकत घेऊन एक म्हैस जगवली होती, आणि तिच्या सायीचं साठवून साठवून किलोभर तूप आत्यांकडे आलं होतं. त्या डब्याचं झाकण रोज एकदा उघडून त्या नुसता वास घ्यायच्या. त्या दिवशी डबा माझ्या हातात देताना म्हणाल्या, "सांभाळून ने गं." अकराचा नंबर होता. मी दहालाच निघाले.

दहालाच का? — आता बघा, मी कशी थांबतेय. सांगते.

वाटेत एक नवा कॅफे उघडला होता. आठवडाभर मी तिथल्या पोरांना काच पुसताना, टेबलं लावताना बघत होते. माझा जीव नुसता वर-खाली होत होता! साताऱ्यात तेव्हा असली ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उंच ग्लासातली कोल्ड कॉफी, वर आइस्क्रीमचा गोळा, काचेमागे चॉकलेटचे केक मांडलेले. म्हटलं, वीस मिनिटांत काय होतंय? स्कूटी साइड स्टँडला लावली, रवा-मैदा-साखर डिकीत, तुपाच्या डब्याची पिशवी पुढच्या हुकाला तशीच राहू दिली आणि मी आत. काय सुंदर कॉफी होती! एक संपवली, दुसरी मागवली. मालकाशी गप्पा मारल्या, आतलं यंत्र बघून आले. बाहेर आले तर स्कूटी आडवी, डबा रस्त्यावर. मेच्या उन्हात तूप पाण्यासारखं पातळ झालेलं, ते सगळं डांबरावर पसरलेलं, आणि एक कुत्रं डोळे मिटून चाटतंय.

खरं सांगू? मला आधी हसू आलं. मग आत्या आठवल्या.

त्या काही छळणाऱ्या सासू नव्हेत, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला माफ करायला लागाल. त्या ओरडल्या असत्या. "घरची भाकरी घशाखाली उतरत न्हाई, भायेरचं बरं उतरतं," हे नेहमीचं वाक्य ऐकवलं असतं. संध्याकाळपर्यंत अबोला धरला असता आणि मग स्वतःच चहाचा कप पुढे केला असता. बस्स, एवढंच होतं माझ्यापुढे. एका दुपारचा अबोला. तो चुकवण्यासाठी मी शेजारच्या किराणा दुकानात शिरले. त्याच्याकडे साजूक तूप नव्हतं, वनस्पती तुपाच्या पिशव्या होत्या. अकराला दहा मिनिटं कमी होती. मी वनस्पती घेतलं, डब्यात ओतलं, आणि तळाला चार चमचे खरं तूप उरलं होतं ते बोटाने ढवळून वर आणलं. वास यावा म्हणून. म्हणजे बघा, घाबरलेल्या माणसाचंही डोकं किती पद्धतशीर चालतं.

बापूंनी झाकण उघडलं. वास घेतला. दोन बोटांत चिमूटभर घेऊन चोळलं. आयुष्यभर हजारो माणसांचं रांधलेला हात तो, त्याला काय फसवणार होते मी?

"सूनबाई, तूप घरचंच हाय न्हवं?"

"हो. आत्यांनी दिलंय."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी नणंद आली, मुलांनी नानकटाईवर झडप घातली. मुलांना काय, गोड असलं की झालं. आत्यांनी एक उचलली, मोडली, तोंडात टाकली आणि जीभ टाळूवरून फिरवली. वनस्पती टाळूला चिकटतं, तूप चिकटत नाही. "हे माझं तूप न्हवं," त्या म्हणाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील आणि मी सांगून टाकेन. त्यांनी बघितलंच नाही. माझा संशयच आला नाही त्यांना. त्यांनी चपला घातल्या, डबा उचलला आणि निघाल्या. मी मागोमाग.

भट्टीवर नंबर लावून आठ-दहा बायका बसल्या होत्या. सगळ्या आमच्याच ओळखीच्या. आत्यांनी डबा फळीवर आपटला. "बापू, माझं तूप कुठं गेलं? माझ्या भावानं पोटाला चिमटा घेऊन धाडलेलं तूप तू खाल्लंस, व्हय रं?" एरवी त्या बापूंना अहो-जाहो करायच्या.

बापूंचे हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. ते हळूच म्हणाले, "वैनी, जे आलं त्येच घातलं."

"म्हंजे माझी सून खोटी? सांग गं, कुठलं तूप दिलंस?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बापूही. त्यांच्या नजरेत दटावणी नव्हती, ते फक्त थांबले होते. आणि मी — मी स्पष्ट, मोठ्या आवाजात, वर्गात देशांच्या राजधान्या सांगते तशी म्हणाले, "आपल्या घरचंच दिलं होतं."

बापूंनी हात फडक्याला पुसले. "मग चूक माझीच आसंल," ते म्हणाले.

का म्हणाले असतील? माझ्या मोठ्या आवाजातली भीती त्यांना ऐकू आली असेल का? भरल्या रांगेत सासूसमोर सुनेचं पितळ उघडं पाडायचं नाही, एवढाच विचार केला असेल का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. पण त्या रांगेतल्या बायकांनी ऐकलं ते इतकंच, की बापूंनी चोरी कबूल केली. एकेक बाई उठली, आपापला डबा मागून घेतला. एकीने जाता जाता झाकण उघडून तूप जागेवर आहे ना तेही बघितलं, त्यांच्यादेखत.

दिवाळीला बापूंच्या भट्टीवर नंबर लागलेच नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात शटर खाली आलं. बापू सांगलीला लेकीकडे गेले म्हणून कुणीतरी सांगितलं. आणि मी काय केलं? तूप सांडलं त्याच वर्षी ‘रविवारची खारी’ सुरू केली. पहिलंच लिखाण कशावर होतं ठाऊक आहे? त्या नव्या कॅफेतल्या कोल्ड कॉफीवर. बाहेर तूप सांडत होतं तेव्हा मी जी पीत होते, तिच्यावर. फार आवडलं लोकांना.

गेल्या महिन्यात सांगलीहून एका मुलीचा निरोप आला, आमच्या कॅफेला या म्हणून. मी उड्या मारतच गेले. विश्रामबाग भागात छोटीशी जागा, पिवळ्या भिंती, आणि आत शिरताच वेलदोड्याचा असा वास की मी दारातच थबकले! काउंटरवर नानकटाईचा ट्रे, एकेकीला वर सुरेख भेग पडलेली, मधे एक चारोळी. मी फोटो काढत सुटले. मुलगी खुशीत म्हणाली, सगळं माझ्या बाबांनी शिकवलंय, थांबा, बोलावते. आतून बापू आले.

केस पिकलेत, बाकी तसेच ताठ. त्यांनी मला क्षणात ओळखलं. मी पळून जाणार होते, शपथेवर सांगते. ते म्हणाले, "सूनबाई, वैनी बऱ्या हायत न्हवं?" मी मान हलवली. "गुडघं लय दुखायचं त्यांचं." मग लेकीकडे वळून म्हणाले, "यास्नी नानकटाई बांधून दे. वैनींसाठी येगळा डबा कर. साजूक तुपातली दे." यात टोमणा होता का? मी फार शोधला. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

बापू आत गेल्यावर मुलीने डबा बांधता बांधता विचारलं, "तुम्ही साताऱ्याच्या ना, मॅडम? बाबांनी तिथली चांगली चाललेली भट्टी का बंद केली, ते कधी सांगतच नाहीत. तुमच्या कानावर आहे का काही?"

मी म्हटलं, "नाही गं. कल्पना नाही."

त्या रात्री मी त्या कॅफेवर लिहिलं. सात वर्षांत इतकं चांगलं लिहिलं नसेल. पुढच्या रविवारी तिथे रांग लागली, मुलीचा फोन आला, आनंदाने तिला बोलता येईना. लोकांनी खाली लिहिलं, मॅडम, अगदी मनापासून उतरलंय. मला खूप आनंद झाला — तो खोटा नव्हता, हेही सांगून टाकते. रांगेचा फोटो मी चार-चारदा मोठा करून बघितला.

आणि तो वेगळा डबा मी आत्यांना दिला. त्यांच्या दाढा गेल्यात आता. त्यांनी नानकटाई मोडली, तुकडा तोंडात विरघळू दिला, आणि जीभ टाळूवरून फिरवली. त्यांचं तोंड असं उजळलं! "ह्याला म्हणत्यात तूप," त्या म्हणाल्या. "कुठनं आणलीस गं?"

"सांगलीहून. एक नवीन कॅफे निघालाय."

"बघ, परक्या गावची माणसं कशी इमानदारीनं करत्यात. न्हाईतर आपल्याकडचा त्यो बापू. फौजी म्हणवून घ्यायचा आन् निघाला चोर." त्यांनी दुसरी नानकटाई उचलली आणि नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं, मी हो म्हणावं म्हणून.

मी हो म्हणाले.