टेन्शन मुलांनाच असतं

एम.एस्सी.ला असताना मी सिगारेट ओढायचे. हौस म्हणा, थेरं म्हणा. वर्गातली निम्मी मुलं कॉलेजमागच्या टपरीवर धूर काढत उभी असायची, आणि त्यांच्याविषयी सगळे हळहळायचे, बिचाऱ्यांना केवढं टेन्शन! मुलगी ओढते तेव्हा मात्र तिला टेन्शन नसतं, तिच्यावर संस्कार नसतात.

टपरीवाला मुलींना सिगारेट देत नसे. तत्त्व होतं म्हणे त्याचं. बंदीतला गुटखा तेवढा खुशाल विकायचा. म्हणून माझी सिगारेट वर्गातलाच एक मित्र आणायचा आणि आम्ही दोघं लॅबच्या गच्चीवर ओढायचो.

शेवटच्या वर्षी कोळंबीवरचा प्रोजेक्ट सरांनी मला दिला. टाक्यांचं पाणी रोज उशिरापर्यंत तपासावं लागे, त्यामुळे तो हॉस्टेलवर राहणाऱ्यालाच जमणार होता. मित्रालाही तोच हवा होता. पण तो म्हणाला, तुला मिळाला म्हणजे मलाच मिळाल्यासारखं. मला अगदी भरून आलं. मूर्ख मेली मी!

गणपतीत तो आमच्या गावी, जयगडच्या वाटेवर, दर्शनाला आला. मोदक हाणले, आणि निघताना बाबांना बाजूला घेऊन माझी सिगारेट सांगून गेला. काळजीपोटी हो, दुसरं काय!

मग पडवीत माझा निवाडा झाला. घराची अब्रू गेली, असं बाबांनी बिडी पेटवून जाहीर केलं. आई आणि काकू मशेरी लावत बसल्या होत्या. दोघींची बोटं दातांवर, तरी बाईमाणसाला तंबाखू शोभत नाही हे त्यांनी नीट ऐकवलं. मला हसू फुटलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

"शाळा बंद करत नाय, उपकार मान," बाबा म्हणाले. "आता हॉस्टेल नाय. घरनं ये-जा कर."

गावची शेवटची एसटी पाचची. साडेचारला लॅब सोडून पळणाऱ्या मुलीला सर तरी किती दिवस सांभाळणार? महिन्याभरात प्रोजेक्ट मित्राकडे गेला आणि मला लायब्ररीत बसून करायचा एक रटाळ विषय मिळाला. संताप संताप झाला माझा. एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले.

आठवड्याने तो स्टँडवर मला शोधत आला. कोळंबी मरायला लागली होती. पाण्याचं तू काय करत होतीस, विचारत होता. त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण टाक्यांतली कोळंबी मी वाढवलेली होती, ती का मरावी? पाणी किती बदलायचं, खाणं कधी कमी करायचं, सगळं सांगितलं. एसटी सुटेपर्यंत सांगत होते.

कोळंबी जगली. प्रोजेक्टवर नाव त्याचं. आभाराच्या पानावर मात्र त्याने मला 'बहिणीसारखी मैत्रीण' म्हटलंय. सख्खी बहीण असते तरी त्याने हेच केलं असतं.