पासबुकातली सुमन

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मागोमाग बारीकशी धाकधूक वाटते. हसू कशाचं ते पुढे कळेल. धाकधूक मात्र माझी जुनी. मी भंडाऱ्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, पोलीस भरतीच्या निमित्तानं नाशिकला आलो आणि इथलाच झालो. या शहरानं भाकर दिली, अंगावर वर्दी दिली, त्याचे उपकार आहेत. पण कुठल्याही चौकशीत इंग्रजी कागद निघाला की वाटायचं, आज आपलं शिक्षण उघडं पडणार.

नावं बदलून लिहितो आहे. या केसमध्ये तेच जरा अवघड आहे.

दोन हजार आठ-नऊचं साल असेल. मी हवालदार होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा हातात घेतला आणि गंगापूर रोडवरच्या एका बँकेतून मॅनेजरांचा फोन आला.

"हवालदार, एक माणूस रोज येतोय. दोन बायकांच्या नावाचे कागद आहेत, आणि या दोघी एकच, असं बँकेनं लिहून द्या म्हणतो. पैसे कुठल्यातरी ऑनलाइन पत्ते खेळवणाऱ्या कंपनीकडून यायचेत. प्रिंटर बिघडलाय म्हणून मी त्याला बसवून ठेवलंय. लवकर या, तो आता प्रिंटर उघडून बघायला निघालाय."

आम्ही पोहोचलो तेव्हा प्रिंटरचं झाकण खरंच त्याच्या हातात होतं. तिशीचा, उन्हानं रापलेला. पिशवीत झेंडूच्या पाकळ्या. गंगापूर धरणाच्या बाजूला त्याची फुलशेती. ठाण्यात चल म्हटलं, तर आधी झाकण नीट बसवलं आणि मग चालू लागला.

आमचे फौजदार साहेब तरुण होते. त्याच्याजवळचा इंग्रजी कागद त्यांनीच वाचला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कंपनीनं लिहिलं होतं, तुम्ही जिंकलेले चाळीस हजार द्यायला तयार आहोत, पण खेळणाऱ्याचं नाव वैशाली आणि खातेदाराचं नाव सुमन. खातं तुमचंच आहे याचा पुरावा पाठवा.

"वैशाली कोण?" साहेबांनी विचारलं.

"बायको."

"आणि पासबुकातली सुमन?"

"तीबी बायकोच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दोन केल्यास."

"एकच हाय साहेब. लग्नाआधी सुमन, लग्नात वैशाली ठेवलं. तांदळात नाव लिहित्यात ना, तसं."

"मग हे सांगणारं कोणी आहे?"

"आई हाय. पण तिला नका बोलवू."

आईला बोलवू नका म्हणणारा माणूस काहीतरी लपवत असतो, एवढं शिकायला सातवीच्या पुढे जावं लागत नाही. पासबुक त्याच बँकेच्या सटाण्याच्या शाखेचं, जुनं. फोटोवर शिक्का असा नेमका बसलेला की चेहरा गायब आणि नुसत्या दोन वेण्या शिल्लक.

"बरं, खेळलं कोण?"

"मीच. बायकोच्या नावानं मीच खेळलो. लिहून घ्या."

इथे आम्ही अडलो. जुगाराचा गुन्हा म्हणजे अड्डा लागतो, पट लागतो, पत्ते लागतात. पंचनाम्यात मुद्देमाल काय दाखवायचा? सायबर कॅफेची खुर्ची? साहेब कायद्याचं पुस्तक चाळत बसले. मला मात्र त्याची कबुली खटकत होती. चोरसुद्धा इतक्या लवकर कबूल होत नाही.

मी पत्त्यांचा जोड आणला. ठाण्यात पत्ते कुठून आले हे विचारू नका. तेरा पानं त्याच्यापुढे टाकली. "रमी लाव."

त्यानं पानं हातात घेतली, मन लावून बराच वेळ मांडली आणि टेबलावर ठेवली. एक लाल, एक काळं, एक लाल, एक काळं. मधोमध बदामाची राणी.

"हे काय?"

"बरं दिसतं," तो म्हणाला.

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मी म्हटलं, "दादा, तू हार ओवलास. खेळतं कोण ते सांग."

मग तो फुटला. बायको सकाळी दुकानांत हार पोहोचवते आणि येताना अर्धा तास सायबर कॅफेत बसते. सटाण्याकडची पोरगी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला माहेरी सगळं घर पत्ते खेळतं. आमच्या भंडाऱ्याकडे आखाजीला पितरांना जेवू घालतात, पत्त्यांचं मला नवीनच होतं. "पण माझ्या बापानं पत्त्यात बैलजोडी घालवली," तो म्हणाला. "तवापासून आईनं घरात पत्ता येऊ दिला नाय. हिचं कळलं तर आई हिला माहेरी धाडंल. मला आत टाका, चालंल."

एवढ्यात बाहेर आवाज चढला. बाजारातल्या कोणीतरी घरी निरोप दिला होता आणि निरोप वाटेत वाढला होता. म्हातारी आत आली, मागे डोक्यावर पदर घेतलेली सून.

"दोन बायका केल्या म्हनं यानं? एकीचं दळण जमंना याला."

साहेबांनी तिला बसवलं. "मावशी, एवढंच सांगा. सुमन कोण?"

"मी."

मुलानं डोळे मिटले. तेव्हा उलगडा झाला. सासूचं आणि सुनेचं नाव एकच. मुलानं बायकोला आईच्या नावानं हाक कशी मारायची? म्हणून लग्नात नाव बदललं.

तोवर म्हातारीला टेबलावरचं पासबुक दिसलं. "हे सुमनच्या नावाचं हाय?"

"हो, पण..."

"मालकांनी काढलं असंल." तिनं ते उचलून छातीशी धरलं. आवाज एकदम मऊ झाला. "बैल गेल्यावर म्हणायचे, तुझं भरून देईन. मी म्हणायची, तुमी काय देताय. ठेवलं म्हणायचं माणसानं माझ्यासाठी काहीतरी."

सून आता गप्प राहिली असती तर सुटत होती. पैसे गेले असते, पण घर राहिलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते.

"ते मनं शे," ती म्हणाली. घाबरली तशी माहेरची बोली तोंडात आली. मग सावरून, "ते माझं आहे, आत्याबाई. मामांनी नाही काढलं. शाळेत असताना काढलेलं. आणि पत्ते मी खेळते."

म्हातारीनं पासबुक छातीपासून काढलं नाही.

"हरतीस का?"

"दोन डाव हरले की उठते. पुढचे हार पोहोचवायचे असतात."

"उठता येतं तुला?"

"येतं."

"ह्यांना उठताच येत नव्हतं," म्हातारी म्हणाली आणि पासबुक सुनेच्या हातात दिलं. मग मुलाकडे वळली. "आनि तू रं, तुला पत्ते तरी येतात का? बसलाय गुन्हेगार व्हयाला."

चौकशीअंती गुन्हा निष्पन्न होत नाही, असं लिहून साहेबांनी कागद बंद केला आणि खेळ आता पुरे, अशी समजही दिली. दोन्ही नावांची बाई एकच, हे पोलिसांनी लिहून भागत नव्हतं. तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्र, त्यावर सासूची साक्ष, मग बँकेचं पत्र, मग पैसे. वाट मला माहीत होती, म्हणून मी सोबत गेलो.

नोकरीत पुढे मोठ्या केसेस आल्या, पण शिकवलं ते या केसनं. झटपट कबुली देणारा बहुतेक वेळा दुसऱ्याचं पांघरूण होऊन बसलेला असतो. आणि खातं कोणाचं हे कागद सांगतो खरा, पण त्याआधी घरातल्या कोणाला तरी तोंड उघडावं लागतं.

कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "यापुढे नाव कोणतं चालवायचं?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. म्हातारीनं अंगठ्याची शाई लुगड्याच्या पदराला पुसली.

"सुमनच लिहा," ती म्हणाली. "पोरगा हाक मारंल, दोघी येऊ."