झाड एक बी नही

आमची केळीची अख्खी बाग मी एका मेसेजने नाहीशी केली.

चोपड्याजवळच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मी. (त्यासाठी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काय काय केलं ते लिहायला बसलो, तर हा लेख विनोदी राहणार नाही.) आता जळगावात नोकरी करतो आणि मोबाईलवर सापडलेली प्रत्येक गंमत घरच्या ग्रुपवर टाकतो. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, मध नासत नाही, वगैरे. बाकीचे हसून विसरतात. आबा चष्मा लावून वाचतात आणि खरं मानतात, कारण पोरगा शिकलेला. एकदा मी टाकलं, ‘केळी हे झाड नाहीच, ते एक प्रचंड गवत आहे.’ आबांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीला, वैशालीला, बघायला धुळ्याकडचे पाहुणे आले. मुलगा तिला फोटोतच आवडला होता, त्यामुळे पोह्यांत मीठ दोनदा पडलं. आमच्याकडे केळी एकरात मोजत नाहीत, झाडांत मोजतात. म्हणून मुलाच्या काकांनी, नानांनी, रीतसर विचारलं, “आबा, केळीना झाडं कितला शेतस?”

“झाड एक बी नही,” आबा म्हणाले.

नानांची बशी ओठाशी थांबली. “आम्हले तं बाग सांगेल व्हती.”

“बठ्ठं गवत शे. मना पोऱ्यानी सांगं. ग्रॅज्युएट शे तो.”

दारामागून वैशालीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुढच्या वर्षीची राखी नव्हती.

मेसेज खोटा म्हणावं, तर आबा चारचौघांत खोटे पडणार. खरा म्हणावं, तर स्थळ जाणार. मी मधला मार्ग काढला: व्याख्यान दिलं. केळीचं खोड म्हणजे पानांचीच गुंडाळी, आत लाकूडच नसतं, असं बरंच काही. नानांनी शांतपणे ऐकलं आणि आबांना हळूच विचारलं, “याले नोकरी शे ना?”

शेवटी मुलगाच म्हणाला, “नाना, शेतच दखी येऊत ना.”

सगळे शेतात गेलो. डोक्यावर पानं, खाली झुकलेले घड. नानांनी मान मागे टाकून वरपर्यंत पाहिलं आणि पोट धरून हसले. “इतलं उंच गवत आमनाकडे व्हतं, तं कपाशी कसाले लावतूत?”

आबा माझ्या कानाशी आले. “भाऊ, मी बरोबर सांगं ना?”

“एकदम बरोबर, आबा.”

होकार बांधावरच आला. देणंघेणं काही नको, म्हणाले नाना. अट एकच. “या भाऊले आमना ग्रुपमा घालू नका.”

माझ्या शब्दाबाहेर कधी न जाणाऱ्या आबांनी ती अट तिथल्या तिथे मान्य केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.