भांडी वाजली की

"धाकटी आईच्याच वळणावर गेलीय बगा," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. "तीबी अशीच व्हती. भित्री."

त्या शेजारणीशी बोलत होत्या. मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर कापसाच्या काड्या मांडत होते. वळण म्हणजे घाटातलं, पाटीवर दाखवलेलं, एवढंच मला माहीत होतं. मी सांगलीचीच, पण शिकले इंग्लिश मीडियममध्ये.

सायकॉलॉजीत एम.ए. झाल्यावर मी एका प्रोजेक्टवर फील्डवर्कला लागले. पूर, दरड, भूकंप यांतून वाचलेल्या मुलांना भेटायचं, हे आमचं काम. एकाच घरातली भावंडं, संकटही एकच, तरी एक सावरतं आणि दुसरं सावरत नाही. यातलं उपजत किती आणि आजूबाजूच्या माणसांमुळे किती, ते शोधायचं होतं. त्यासाठी मुलांशी बोलायचं आणि गालाच्या आतून काडी फिरवून सॅम्पल घ्यायचं. त्या सॅम्पलमधून जीन्स तपासतात, म्हणजे आईबापाकडून जन्माबरोबर मिळालेलं.

या घरात दोघी बहिणी होत्या. साक्षी तेरा वर्षांची, गौरी नऊ. त्यांचं गाव कोयनानगरच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाशी होतं. दरड आली त्या दुपारी वडील तापानं निजले होते. आईनं दोघींना ओढत रस्त्यावर आणून उभं केलं आणि ती वडिलांना उठवायला परत आत गेली. त्यानंतर तिथे घर राहिलं नाही. काकांनी दोघींना सांगलीजवळ माधवनगरला आणलं. काका यंत्रमागावर कामाला होते. एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच घर.

साक्षी शाळेत जायची, काकूंना पोळ्या लाटू लागायची, हसायची. गौरी मात्र जरा कुठे हादरा बसला की बाहेर पळायची, आणि बहिणीलाही ओढून न्यायची. रात्री दारापाशी अंथरूण घालून जागी पडायची.

"दुखतं का?" काडी बघून गौरीनं विचारलं.

"नाही, डिसकम्फर्ट नाही होणार," मी म्हटलं.

काकू हसल्या. "मॅडम, तुमचं मराठी बातम्या सांगणाऱ्या बाईगत हाय. आन मधीच जाहिरात लागती."

मी निघाले तेव्हा काका पाळी संपवून आले होते. ते गल्लीच्या टोकापर्यंत सोबत आले.

"ही कोरोनाचीच काडी न्हवं? रिपोर्ट कवा येणार?"

"रिपोर्ट नसतो, काका. हा नुसता रिसर्च..."

"आसं कसं? पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, काय तरी येणारच की." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पॉझिटिव्ह आली तर जूनला धाकटीला वसतिगृहात घालतो. रक्तातच आसंल तर आमी तरी काय करणार? थोरली ऱ्हाऊदे. ती शाणी हाय."

"सरांना विचारते," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

प्रोजेक्टच्या सरांना फोन केला.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"काहीच नाही, सर."

"उत्तम. आपण ऑब्झर्व्ह करतो, इंटरफिअर करत नाही. कौन्सेलरचा नंबर दे."

"दिलाय. पण ते रिपोर्टची वाट बघतायत."

"मग नाही म्हणून सांग. जीन्स बघून एखादं मूल पुढे कसं निघेल हे कुणालाच सांगता येत नाही. आणि ऐक. काही मुलांना धक्का जास्त लागतो ना, त्यांनाच मायासुद्धा जास्त लागू पडते, असं आपल्याला वाटतं. अजून सिद्ध व्हायचंय. ते त्यांना सांगत बसू नकोस."

दुसऱ्या भेटीला गेले तेव्हा पाऊस होता आणि लाईट गेली होती. दोघी अभ्यासाला बसल्या होत्या. लाईट आली, शेजारच्या शेडमधले माग एकदम सुरू झाले आणि स्वयंपाकघरात मांडणीवरची भांडी किणकिणली.

गौरी उठली. तिनं एका हातानं साक्षीचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं माझं, आणि आम्हाला गल्लीत नेऊन उभं केलं. आम्ही तिघी पावसात भिजत होतो. समोरच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं, "सुटली बगा कोयना एक्सप्रेस!" दोघंतिघं हसले. गौरी घराच्या छपराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चला."

काकूंनी मला टॉवेल दिला. "लोकं हसत्यात, मॅडम. थोरली बिचारी हिच्या समाधानासाठी भिजती."

मला तसं वाटलं नव्हतं. भांडी वाजली तेव्हा मी साक्षीच्या समोरच होते. तिनं भांड्यांकडे पाहिलंच नाही. तिनं गौरीकडे पाहिलं. गौरी उठते की नाही, ते पाहिलं.

"काकू, वळण म्हणजे काय?" मी विचारलं.

"आता गं बया! वळण म्हंजे..." त्या भांडी सरळ करत होत्या. "आमच्या गावाकडं हादरं बसत्यात. बारीक हादरा आसला तरी मांडणी वाजती. वाजली की ह्यांची आई पोरींना घिऊन अंगणात. आमी लय हसायचो तिला." त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तोच तांब्या पुन्हा सरळ केला. "वळण रक्तातबी आसतं, आन लावल्यालंबी आसतं."

"मग गौरीचं कुठलं?"

"मला काय म्हाईत? तुमचं मशीन सांगंल की."

आमच्या प्रोजेक्टनं हे दोन वेगळे भाग केले होते. काकूंच्या एका शब्दात ते दोन्ही राहत होते.

मग मी साक्षीशी एकटीशी बोलले. ठरलेले प्रश्न होते.

"रात्री झोप लागते?"

"लागते. गौरी असते ना."

खरं तर इथे पुढचा प्रश्न घ्यायचा असतो. मी म्हटलं, "आणि गौरी नसली तर?"

साक्षीनं दाराकडे पाहिलं. तिच्या हातातली पेन्सिल वहीवर टेकलेली होती.

"का?" ती म्हणाली. "ती कुठं जाणारे?"

मी प्रश्नांचा कागद घडी करून ठेवला. वसतिगृहाचं सांगणं माझं काम नव्हतं, आणि खोटं बोलणंही जमलं नसतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगते. जूनमध्ये वसतिगृहात दोघीही गेल्या. काका-काकूंना दोघी झेपल्या नाहीत, आणि त्यांना नावं ठेवण्याइतकी मी त्या घरात राहिलेले नाही. निघताना काकूंनी डब्यात लाडू भरून दिले आणि त्या दाराबाहेर आल्या नाहीत. वसतिगृहात दोघींच्या कॉट शेजारी-शेजारी आहेत. तिथे मांडणी नाही, पण छपराला पत्रे आहेत, आणि ते वाऱ्यानं वाजतात. आमच्या डेटात दोघी दोन वेगळ्या ओळींत आहेत, एक सावरलेली, एक न सावरलेली. एकीचं वातावरण म्हणजे दुसरी, अशी नोंद करायला आमच्याकडे रकाना नव्हता. पुढच्या वेळी असावा, असं मी सरांना कळवलं आहे.

त्या दिवशी मात्र मी चपला घालत होते, आणि काका छत्री मिटत पायरीवर आले.

"आला का रिपोर्ट?"

आत साक्षी वहीवर डोकं टेकून झोपली होती. गौरी तिच्याशेजारी, मांडणीकडे तोंड करून बसली होती. जीन्स बघून कुणालाच काही सांगता येत नाही, हे सरांचं वाक्य मला पाठ होतं. ते मी म्हटलं नाही.

"रिपोर्ट येणार नाही, काका," मी म्हणाले. "साक्षी झोपते, कारण गौरी जागी असते."